प्रार्थनेचा विषय की रिपोर्टचा विषय? ख्रिस्ती विद्यापीठातल्या सीनियर मार्गदर्शकांचं काम

अमेरिकेतल्या एखाद्या ख्रिस्ती विद्यापीठात ऑगस्टमध्ये सामान घेऊन उतरलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी चार सीनियर भेटतात. एक जण गाडीतून बॅगा उतरवून देतो. दुसरी खोलीची किल्ली देते आणि फॉर्मवर सही घेते. तिसरा रात्री मजल्यावरच्या प्रार्थनेला बोलावतो. चौथीचा ईमेल येतो की बुधवारच्या तासाला मी तुमच्या प्राध्यापकांबरोबर वर्गात असेन. चौघांचे टीशर्ट बहुधा एकाच रंगाचे आणि चौघांची ओळख करून देण्याची पद्धतही सारखीच. पण यांच्यापैकी कोणाला काय सांगितलं तर ते कुठपर्यंत जातं, हे प्रत्येकाच्या बाबतीत वेगळं आहे. नव्या मुलाला हा फरक कोणी नीट सांगत नाही, आणि पुढच्या बऱ्याच घोळांचं मूळ तिथे असतं.

अशा ठिकाणी जाणारं मराठी मूल ख्रिस्ती असेलच असं नाही. शिष्यवृत्ती मिळाली, कोर्स चांगला वाटला, मावशी त्याच गावात राहते, अशी कारणं असतात. म्हणून हे सगळं दोघांसाठी: ज्याला असा सीनियर मिळणार आहे त्याच्यासाठी, आणि पुढच्या वर्षी जो स्वतः अर्ज करणार आहे त्याच्यासाठी.

चार टीशर्ट, चार कामं

सगळ्यात सोपं काम ओरिएंटेशन लीडरचं. आठ ते पंधरा नव्या मुलांचा गट, पहिले चार-सहा दिवस, बस्स. मेसचं कार्ड कुठे चालतं, रजिस्ट्रारचं ऑफिस कुठल्या इमारतीत, विषय बदलायची शेवटची तारीख कोणती, एवढं तोंडपाठ असलं की निम्मं काम झालं. यातली तारीख मात्र खरोखर महत्त्वाची. बहुतेक ठिकाणी पहिल्या एक-दोन आठवड्यांत विषय सोडला तर गुणपत्रिकेवर खूणही राहत नाही. नंतर सोडला तर ‘डब्ल्यू’ (विथड्रॉन, म्हणजे विषय सोडला) हे अक्षर कायमचं बसतं. नव्याला हे माहीत नसतं, आणि जुन्याच्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगायचं सुचत नाही.

आरए म्हणजे रेसिडेंट असिस्टंट. त्याच मजल्यावर राहणारा आणि साधारण वीस ते चाळीस मुलांची जबाबदारी असलेला वरच्या वर्गातला विद्यार्थी. तो स्वयंसेवक नसतो, विद्यापीठाचा पगारी माणूस असतो, मग तो पगार बऱ्याचदा फुकट खोलीच्या रूपात का असेना. ठरलेल्या रात्री तो ड्यूटीवर असतो. संध्याकाळी ड्यूटीचा फोन ताब्यात घ्यायचा, दोन-तीनदा सगळे मजले फिरायचे, जिन्यातला बंद दिवा, न लागणारं मागचं दार, जळलेल्या पॉपकॉर्नने वाजलेला फायर अलार्म, सगळं नोंदवायचं. किल्ली आत विसरलेलं पोर रात्री दीड वाजता त्यालाच उठवतं. ख्रिस्ती विद्यापीठात यात आचारसंहितेची भर पडते. अनेक ठिकाणी कॅम्पसवर दारूला बंदी असते, मुलांच्या मजल्यावर मुली आणि मुलींच्या मजल्यावर मुलं फक्त ठरलेल्या वेळेत, आणि काही ठिकाणी त्या वेळेतही दार उघडं आणि दिवा चालू ठेवायचा. इंडियाना राज्यातल्या नोटर डेममध्ये ही वेळ एरवी मध्यरात्री संपते, शुक्रवारी-शनिवारी रात्री दोनला. नियम पाळला जातोय ना, हे बघणं आरएकडे येतं.

तिसरा टीशर्ट आध्यात्मिक सोबत करणाऱ्याचा. याला प्रत्येक ठिकाणी वेगळं नाव. इंडियानातल्याच टेलर विद्यापीठात मजल्यावरच्या आरएसारख्या सीनियरला पर्सोनेल असिस्टंट म्हणतात आणि शेजारीच डिसायपलशिप असिस्टंट ही वेगळी जागा आहे. मिशिगनमधल्या कॅल्विन विद्यापीठात या गटाला बर्णबाचं नाव दिलेलं आहे. नाव नेमकं निवडलंय. नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांत पौल यरुशलेमेत आला तेव्हा शिष्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, सगळे त्याला घाबरत होते. बर्णबाने त्याला बरोबर घेतलं आणि प्रेषितांकडे नेलं. त्या प्रसंगात त्याने पौलाला उपदेश केला नाही, त्याच्या अडचणीही सोडवल्या नाहीत. त्याला योग्य दारापर्यंत नेलं आणि त्याची हकीकत सांगून त्याची ओळख करून दिली. सीनियरचं काम याहून मोठं नसतं, आणि ते मोठं करायला गेलं की बिघडतं.

चौथा म्हणजे पहिल्या वर्षाच्या सेमिनारमधला पिअर मेंटॉर. ही कल्पना चर्चमधून आलेली नाही. १९७० मधल्या विद्यार्थी आंदोलनांनंतर साउथ कॅरोलायना विद्यापीठाने, म्हणजे एका सरकारी विद्यापीठाने, १९७२ मध्ये ‘युनिव्हर्सिटी १०१’ नावाचा विषय सुरू केला, नव्या विद्यार्थ्याला विद्यापीठात रुळवण्यासाठी. पुढे देशभर त्याच्या आवृत्त्या निघाल्या. ख्रिस्ती विद्यापीठांनी त्यात आपल्या श्रद्धेचा धागा गुंफला, इतकंच. या मेंटॉरचं काम अभ्यासाच्या अंगाने जातं: वेळापत्रक कसं लावायचं, प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळेत, जाऊन नेमकं काय बोलायचं, लायब्ररीत माणसाला विचारायचं की मशीनला.

कॅथलिक ठिकाणी मांडणी जरा निराळी. नोटर डेममध्ये प्रत्येक वसतिगृहाला रेक्टर असतो, काही ठिकाणी धर्मगुरू किंवा सिस्टर, काही ठिकाणी सामान्य व्यक्ती. त्याखाली असिस्टंट रेक्टर आणि त्याखाली शेवटच्या वर्षातले आरए. आपल्याकडेही होस्टेलच्या वॉर्डनला रेक्टर म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे पुण्याच्या होस्टेलमध्ये राहिलेल्याला हा शब्द परका वाटणार नाही. फक्त तिथला रेक्टर त्याच इमारतीत राहतो आणि रविवारी रात्री मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेलाही दिसतो, एवढा फरक.

ऐकलेलं कुठपर्यंत जातं

गैरसमज सगळ्यात जास्त इथेच. मजल्यावर प्रार्थनागट चालवणारी मुलगी शांत आहे, ऐकून घेते, डोळे मिटून तुमच्यासाठी प्रार्थना करते. साहजिकच वाटतं की हिला सांगितलं ते पाद्र्याला सांगितल्यासारखं. तसं नसतं.

अमेरिकेत १९९० चा क्लेरी कायदा विद्यापीठांना कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवून ती जाहीर करायला लावतो. विद्यार्थ्यांची जबाबदारी असलेल्या ज्या लोकांकडे गुन्ह्याची माहिती येऊ शकते, त्यांना ती पुढे कळवावी लागते, आणि आरए हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. अधिकृतपणे त्या कामावर असलेले धर्मगुरू-समुपदेशक आणि परवानाधारक मानसोपचार समुपदेशक यांना यातून सूट आहे. एकोणीस वर्षांची बायबल-अभ्यास गटप्रमुख ही यांपैकी काहीच नसते. शिवाय शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धचा १९७२ चा ‘टायटल नाइन’ कायदा आहे. त्याखालची बारीक नियमावली सरकार बदललं की बदलते, पण लैंगिक छळाबद्दल कानावर आलं तर आरएने ठरलेल्या अधिकाऱ्याला कळवायचंच, असा विद्यापीठाचा स्वतःचा नियम बहुतेक ठिकाणी असतो. आध्यात्मिक जागेवरच्या विद्यार्थ्यांनाही अनेक ठिकाणी तो लागू केलेला असतो.

म्हणून चांगल्या प्रशिक्षणात एक वाक्य घोकून घेतात. समोरचा ‘कोणाला सांगणार नाहीस ना?’ म्हणाला की लगेच, त्याने पुढचं बोलायच्या आधी, हे वाक्य यायला हवं:

‘मला ऐकायचंय. पण आधी एक सांगते. कोणी तुला त्रास दिला असेल, किंवा तू स्वतःला इजा करशील असं वाटलं, तर ते मला एका ठरलेल्या माणसाला कळवावं लागतं. बाकी माझ्यापाशी राहील. ते नको असेल तर समुपदेशन केंद्रात किंवा चॅप्लेनकडे, म्हणजे कॅम्पसवरच्या धर्मगुरूकडे, आत्ता तुझ्याबरोबर चालत येते. कोणी त्रास दिल्याचं पुढे कळवायचं बंधन त्यांच्यावर नाही.’

वाक्य तुटक वाटतं. मैत्रीच्या गप्पांमध्ये एकदम कायदा आणल्यासारखं वाटतं, म्हणून नवे सीनियर ते गिळतात आणि ‘नाही सांगणार, प्रॉमिस’ म्हणून बसतात. मग अर्ध्या तासाने त्यांना वचन मोडायचं की नियम, यातलं एक निवडावं लागतं. दोन्हीकडून विश्वास जातो. वाक्य आधी म्हटलं तर निवड समोरच्याच्या हातात राहते, आणि जिच्याबाबतीत काहीतरी तिच्या मनाविरुद्ध घडलेलं आहे, तिला निदान ही एक निवड मिळणं फार मोलाचं असतं.

ख्रिस्ती विद्यापीठात यात आणखी एक गाठ आहे. समजा, एखाद्या मुलीवर अत्याचार झाला, पण ती त्या रात्री दारू प्यायली होती, किंवा वेळ संपल्यावर मुलाच्या खोलीत होती. तक्रार करायची तर आचारसंहिता मोडल्याची कबुली आपोआप द्यावी लागते. ही शंका काल्पनिक नाही. युटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात, जे लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चचं आहे, २०१६ मध्ये नेमक्या याच प्रश्नावर विद्यार्थिनींनी जाहीर आवाज उठवला. त्याच वर्षी विद्यापीठाने तक्रार करणाऱ्याला आचारसंहितेच्या कारवाईतून अभय द्यायचं मान्य केलं. अशी अभयाची तरतूद आता अनेक विद्यापीठांत असते. सीनियरने आपल्या विद्यापीठातलं ते कलम शब्दशः वाचलेलं असावं, कारण रात्री अकराला रडणाऱ्या मुलीचा पहिला प्रश्न ‘मला काढून टाकतील का?’ हाच असतो, आणि ‘नसेल काढत बहुतेक’ हे त्याचं उत्तर नव्हे.

नियम बघणारा आणि प्रार्थना करणारा या जागा वेगळ्या का ठेवतात, तेही यातून समजतं. एकाच माणसाने शनिवारी रात्री बिअरचा कॅन जप्त करायचा आणि रविवारी ‘मन मोकळं कर’ म्हणायचं, तर मन मोकळं होत नाही. लहान कॉलेजात माणसं कमी म्हणून दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर येतात. तिथे निदान आपण कुठली टोपी घालून आलोय, हे दारातच सांगावं.

पालकांसाठी इथेच एक मुद्दा. मुलगा दोन दिवस फोन उचलत नाही, म्हणून ठाण्याहून आई आरएचा नंबर शोधून काढते. १९७४ च्या फर्पा कायद्यानुसार महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा स्वतःचा असतो, फी बाबा भरत असले तरी. काही अपवाद आहेत, जिवाला धोका असेल तर आहेच, पण ते ठरवणारा आरए नव्हे. त्याला ‘त्याचे मार्क कसे आहेत, वर्गात जातो का’ विचारून उपयोग नाही. त्याऐवजी कॅम्पस सेफ्टीला फोन करून ‘वेलफेअर चेक करा’ म्हणावं. ते जाऊन दार ठोठावतात, मूल ठीक आहे हे बघतात आणि घरी फोन कर म्हणून सांगतात. बहुतेक वेळा चार्जर हरवलेला असतो.

प्रार्थनेचा विषय

मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेल्यांना हा शब्द माहीत असेल. प्रार्थनासभेच्या शेवटी ‘कोणाचा काही प्रार्थनेचा विषय?’ असं विचारतात, आणि मग शेजारच्या काकूंच्या सुनेचं काय चाललंय ते अख्ख्या मंडळीला कळतं. अमेरिकन कॅम्पसवर हेच घडतं, फक्त ग्रुपचॅटवर. ‘आपल्या मजल्यावरच्या एका बहिणीसाठी प्रार्थना करा, ती फार कठीण काळातून जातेय, नाव सांगत नाही.’ मजल्यावर तीस जणी. त्यातली एक आठवडाभर मेसला दिसलेली नाही. नाव सांगायची गरजच काय?

हे दुष्टपणाने होत नाही म्हणूनच थांबवायला अवघड. नियम साधा ठेवावा: दुसऱ्याचा विषय मांडायचा नाही, स्वतःचाच मांडायचा. दुसऱ्यासाठी प्रार्थना करायची असेल तर त्याला विचारायचं आणि त्याच्यासमोर किंवा एकट्याने करायची. गटप्रमुखांच्या साप्ताहिक बैठकीतही हेच लागू. तिथे ‘खोली ३१२ बद्दल मला मदत हवी आहे’ हे वसतिगृहाच्या पगारी अधिकाऱ्याला एकट्याला सांगायचं असतं, बारा सीनियरांच्या गोलात नव्हे.

दुसरी चूक याहून गंभीर. मूल सांगतं की तीन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, उठावंसं वाटत नाही. सीनियर म्हणतो, ‘देवावर सोपव, बायबल वाचतोस ना रोज?’ आता त्या मुलाला दोन दुखणी झाली: मूळचं एक, आणि आपली श्रद्धाच कमी पडतेय हे दुसरं. प्रार्थना करायला हरकत कोणाचीच नाही. पण ती समुपदेशन केंद्राच्या वेटिंग रूममध्ये बसूनही करता येते.

जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आहे का, हे सरळ शब्दांत विचारावं. विचारल्याने मनात नसलेला विचार येतो, ही समजूत चुकीची आहे; उलट विचारलं की बोलणं सुटतं. ‘स्वतःला संपवण्याचा विचार येतो का?’ असं. ‘तसलं काही नाही ना?’ असं नव्हे, कारण त्यात ‘नाही’ हे उत्तर आपणच भरून दिलेलं असतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, ड्यूटीवरच्या पगारी अधिकाऱ्याला फोन लावायचा, धोका लगेचचा वाटला तर ९११ हा आपत्कालीन नंबर. अमेरिकेत जुलै २०२२ पासून ९८८ हा तीन आकडी नंबर यासाठी आहे, फोन किंवा मेसेज दोन्ही चालतं. अनेक विद्यापीठं क्यूपीआर नावाचं छोटं प्रशिक्षण देतात, त्याचे तीन टप्पे: विचारा, मदत घ्यायला राजी करा, योग्य माणसाकडे सोपवा. चौथा टप्पा नाही. सीनियरने उपचार करायचे नसतात.

वर्ष कसं जातं

कामाला सुरुवात मुलं यायच्या आधी होते. आरए साधारण आठवडा-दोन आठवडे आधी कॅम्पसवर येतात. प्रशिक्षणातला सगळ्यात उपयोगी भाग ‘बिहाइंड क्लोज्ड डोअर्स’ या नावाने ओळखला जातो. जुने आरए खोल्यांमध्ये नाटक रचतात: एका खोलीत दोन रूममेटचं भांडण, दुसरीत लपवलेल्या बाटल्या, तिसरीत पलंगावर पाठ करून बसलेलं, न बोलणारं कोणीतरी. नव्या आरएने दार वाजवायचं आणि निभावायचं. मग बाहेर येऊन काय चुकलं ते ऐकायचं. दार वाजवून नाव सांगितलं का? आत शिरला की उंबऱ्यावर थांबला? बाटल्या दिसल्यावर आवाज चढला का? तिसऱ्या खोलीत बरेच जण पहिल्याच मिनिटात बोलबोल बोलतात, कारण शांतता सहन होत नाही.

मुलं आल्यावर पहिले सहा आठवडे कसोटीचे. नावं पहिल्या आठवड्यात पाठ व्हायलाच हवीत, आणि उच्चारासकट. ‘श्रीनिवास’ला पहिल्याच दिवशी ‘श्री’ करून टाकण्याआधी त्याला काय चालतं ते विचारावं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रूममेट करार भरून घ्यायचा: रात्री दिवा किती वाजता बंद, अलार्म किती वेळा वाजू द्यायचा, खोलीचं तापमान, माझं दूध तू घ्यायचं का. मुलं हसतात आणि सगळीकडे ‘चालेल’ लिहून मोकळी होतात. तो करार काही कामाचा नाही. ‘चालेल’ लिहिलेल्या प्रत्येक रकान्यावर ‘म्हणजे किती वाजता?’ असं विचारणारा आरए ऑक्टोबरमधली भांडणं वाचवतो.

मग एकेकाशी बोलणं. वीस ते तीस मिनिटं, महिन्यातून एकदा तरी, शक्यतो चालता चालता किंवा जेवताना. ‘कसं चाललंय?’ याला जगात कुठेही ‘मस्त’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी ‘काल रात्री जेवायला कोणाबरोबर होतास?’, ‘शनिवारी दुपारी कुठे असतोस?’, ‘कुठल्या तासाला जायचा कंटाळा येतो?’ असे प्रश्न. एकटं जेवणं हे एकदा झालं तर काही नाही, पण तीन आठवडे शनिवार खोलीतच जात असेल तर ती खूण आहे.

ऑक्टोबरमध्ये सत्राच्या मध्यावरचे मार्क येतात. शाळेत कायम पहिल्या तिनात असणाऱ्या मुलाला पहिल्यांदा ‘सी’ मिळतो आणि तो ते घरी सांगत नाही. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. कॅम्पस रिकामा होतो, मेस बंद किंवा अर्धी चालू, आणि परदेशी मुलं तिथेच राहतात. साधारण त्याच सुमाराला दिवाळी येऊन गेलेली असते, घरचे व्हिडिओ बघून झालेले असतात. या आठवड्यात कोण कुठे जाणार, हे आरएने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच विचारायला हवं. बुधवारी विचारणं म्हणजे ‘तू राहणारच ना इथे?’ असं सांगणं झालं.

जो ख्रिस्ती नाही त्याचं काय

टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठात पदवीसाठी दोन सत्रं चॅपलला, म्हणजे विद्यापीठाच्या प्रार्थनासभेला, हजेरी लागते. इतर ठिकाणी वेगवेगळे हिशेब. हिंदू, मुस्लिम, नास्तिक मुलांना याची माहिती प्रवेशाच्या कागदात असते, पण कागद कोण वाचतो. सीनियरने पहिल्या आठवड्यात तांत्रिक माहिती स्वच्छ द्यावी: हजेरी कशी लागते, किती चुकल्या तर चालतात, उभं राहायचं तेव्हा नुसतं उभं राहिलं तर चालतं, गाणी म्हणायची सक्ती नाही, पर्यायी गट आहे का. कॅथलिक मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर) फक्त कॅथलिकांसाठी असतो. रांगेत सगळे पुढे गेले म्हणून आपणही जायचं नसतं. जागेवर बसून राहिलेलं चालतं. अमेरिकेत बऱ्याच चर्चमध्ये हात छातीवर फुलीसारखे घेऊन गेलं तर नुसता आशीर्वाद मिळतो. हे आधी न सांगितल्याने होणारी फजिती दोन्ही बाजूंना जिव्हारी लागते.

आमंत्रण आणि आग्रह यांतली रेघ बारीक आहे, पण ती मोजता येते. एकदा बोलावणं आमंत्रण. नाही म्हटल्यावर पुन्हा बोलावलं तर आग्रह. आणि बायबल-अभ्यासाला न येणाऱ्याला पिझ्झ्यालाही बोलवायचं विसरलं, तर ती शिक्षा. ती देणाऱ्याला आपण दिली हे बहुधा कळतसुद्धा नाही.

अर्ज करायचा तर

पुढच्या वर्षाच्या जागांसाठी अर्ज साधारण जानेवारी-फेब्रुवारीत निघतात: शिफारसपत्र, गटात करायचं काही काम, मुलाखत, गुणांची किमान अट, आणि ख्रिस्ती विद्यापीठात बऱ्याचदा श्रद्धेबद्दल लेखी निवेदन. ओरिएंटेशन किंवा सेमिनारच्या मेंटॉरसाठी ते काही ठिकाणी लागत नाही, तेव्हा ख्रिस्ती नसलेल्यांनी आधीच हात टेकू नयेत.

पैशाचं गणित कागदावर मांडावं. आरएला सहसा खोली फुकट, कधी जेवणही. पण काही विद्यापीठं ही सवलत शिष्यवृत्तीच्या हिशेबात धरतात आणि आधीची मदत तेवढीच कमी करतात. खोली फुकट झाली आणि हातात काहीच उरलं नाही, असं होतं. होकार देण्याआधी फायनान्शियल एड ऑफिसकडून आकडा लेखी घ्यावा. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं, आणि आरएची नोकरीही कॅम्पसवरचंच काम. त्यामुळे मेसमधलं किंवा लायब्ररीतलं काम आधीच असेल तर इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय हो म्हणू नये. रात्रीच्या ड्यूटीचे तास कसे धरतात, तेही तिथेच विचारायचं.

कोणी घेऊ नये हे काम? आपण सगळ्यांना आवडावं असं ज्याला फार वाटतं, त्याने. मजल्यावरच्या तिघांशी घट्ट मैत्री झाली की उरलेले सत्तावीस लगेच ओळखतात. आपल्या गटातल्या नव्या मुला-मुलीशी प्रेमप्रकरण हे तर बहुतेक ठिकाणी नियमातच बसत नाही, आणि नसतं बसत तेच बरं.

आपल्याकडे

भारतात सीनियर आणि फ्रेशर यांच्या नात्याचा विचार कायद्याने दुसऱ्या टोकाकडून केला, रॅगिंगच्या. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा, यूजीसीची नियमावली २००९ ची. तिच्यात नव्या मुलांना शक्य तिथे वसतिगृहाच्या वेगळ्या भागात ठेवा असं म्हटलंय, आणि त्याच नियमावलीत मेंटॉरिंग सेलही सांगितला आहे: सहा नव्या विद्यार्थ्यांमागे एक सीनियर मेंटॉर, आणि अशा सहा मेंटॉरांमागे वरच्या वर्गातला एक. अमेरिकन आरएच्या वीस-चाळीसपेक्षा हे प्रमाण किती तरी चांगलं. पण नियमावलीतलं हे कलम फारसं कोणाच्या लक्षात नसतं, रॅगिंग न करण्याचं प्रतिज्ञापत्र मात्र सगळ्यांना आठवतं. (हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास.)

पुण्याचं स्पायसर ॲडव्हेन्टिस्ट विद्यापीठ किंवा बंगळुरूचं ख्राइस्ट यांसारख्या ठिकाणीही नव्या मुलाचे प्रश्न तेच असतात, तपशील वेगळे. ॲडव्हेन्टिस्ट पंथात शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी सूर्यास्ताला संपतो. शुक्रवारी रात्री गाणी लावून अभ्यास करणाऱ्या मुलाला हे रूममेटने रागाने सांगण्याआधी सीनियरने गुरुवारी सांगितलेलं बरं.

मे महिन्यात अमेरिकेतल्या खोल्या रिकाम्या होतात. आरए प्रत्येक खोलीत फॉर्म घेऊन फिरतो, भिंतीवरची छिद्रं आणि गादीवरचे डाग ऑगस्टमधल्या नोंदीशी ताडून बघतो, आणि पुढच्या वर्षीच्या आरएसाठी टिपण लिहितो. त्यात लिहायचं ते असं: तिसऱ्या मजल्याचं मागचं दार थंडीत फुगतं, दुसरं वॉशिंग मशीन गळतं, ओरिएंटेशनच्या रात्री आइस्क्रीम कमी पडलं, दीडपट मागवा. कोण कोणत्या रात्री रडलं, ते टिपणात नसतं.